कुशा झुंबर चांदगुडे, हजर

ऐक ना. नुसतं ऐक. मध्ये काही विचारू नकोस, मला सांगताना धागा तुटला की पुढचं येत नाही.

कन्हेरीत फाट्यापासून जरा आत, उसाच्या कडेला एक घर आहे. पुढं पत्र्याची पडवी. सकाळचे साडेदहा वाजलेत. पडवीत खुर्चीवर सर्जेराव खोमणे गुरुजी बसलेत. वय बहात्तर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. समोर सतरंजीवर मांडी घालून एकच विद्यार्थिनी. तिच्या डाव्या हातात एक पाटी, उजव्या हातात एक पाटी.

"द सन राइजेस इन द ईस्ट," गुरुजी म्हणाले. "कोणता सन? पाटी वर."

विद्यार्थिनीनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि देवाचं नाव घेऊन उजवी पाटी वर केली.

"कुशा! अगं, मुलगा पूर्वेला उगवतो का?"

"न्हाय गुरुजी."

"मग?"

"चुकलं."

"दहापैकी तीन. लक्ष कुठं असतं तुझं? परकर नीट कर आणि पुन्हा पाटीकडं बघ."

आता ऐक. ही कुशा म्हणजे कुशाआजी. वय सहासष्ट, अंगावर सुती पातळ, परकरबिरकर काही नाही. दोन्ही गुडघे गेलेले, मांडी घालायची म्हणजे भिंतीला धरून हळूहळू खाली यावं लागतं. आणि ती गुरुजींची बायको. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झालीत.

गुरुजींना ते माहीत नाही. म्हणजे आता माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी आधी चष्मा हरवायला लागला, मग वार हरवले, मग माणसं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, मागं जात राहणार, सांभाळा. आणि गुरुजी मागं मागं जात नोकरीत जाऊन बसले. इंदापूर तालुक्यातल्या शाळांत पस्तीस वर्षं काढली होती त्यांनी, रोज सकाळी सहा चाळीसची एसटी. मग काय, उठले की आंघोळ, शर्ट, पेनं, आणि निघाले फाट्याकडं. दोनदा शेजारच्या सोपाननं ट्रॅक्टरवर बसवून परत आणलं. एकदा तर उसाच्या ट्रॉलीच्या पुढ्यातच उभे होते, हात करून. त्यांना ती एसटीच वाटली.

पण खरा घोळ वेगळाच होता. गुरुजी माणूस सरळ. पहिल्यापासून परक्या बाईशी वर मान करून बोलले नाहीत. आणि आता घरात ही कोण बाई, ताट घेऊन येते, शर्टाची बटणं लावायला बघते, म्हणून ते खुर्चीसकट मागं सरकायचे.

"बाई, हे बरं नव्हे," हात जोडून म्हणायचे. "माझं लग्न झालेलं आहे."

कुशाआजीला पहिल्यांदा हसू आलं. सून सोनलला म्हणाली, "बघ गं, ह्या वयात बी किती नेकीनं ऱ्हात्यात." आणि मग चुलीमागं जाऊन बसली ती तासभर उठलीच नाही.

जेवायचं म्हणावं तर तेच. परक्या बाईच्या हातचं खायचे नाहीत. सोनलच्या हातचंही नाही. मुलगा दीपक एमआयडीसीत कंपनीत, त्याची शिफ्ट. तो असला की दोन घास, नाहीतर उपास. "घरून डबा येईल माझा," म्हणायचे. "आमची ही पाठवते."

आणि मग ते शब्दांचं झालं. संस्कृती, म्हणजे दीपकची मुलगी, आठवीत. तिला शाळेत त्या इंग्रजी जोड्या होत्या, कानाला सारख्या, लिहायला वेगळ्या, अर्थ तर भलतेच. सूर्याचा सन आणि मुलाचा सन. समुद्राचा सी आणि बघायचा सी. पोरगी पडवीत येरझाऱ्या घालत घोकत होती आणि चुकत होती. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "थांब. पाठ करू नकोस. दोन पाट्या आण."

अगं, चार महिन्यांत तो माणूस इतका स्वच्छ बोललाच नव्हता! पाट्या कुठल्या आता, माळ्यावर दीपकच्या लहानपणीच्या होत्या, त्या काढल्या. गुरुजींचा जुळ्यांचा तास अख्ख्या तालुक्यात नावाजलेला. जुळी म्हणायचे ते त्या शब्दांना. "जुळ्या पोरांचा आवाज एक, पण दप्तर वेगळं. दप्तर उघडून बघायचं." एका पाटीवर एक लिहायचं, दुसऱ्या पाटीवर दुसरं. ते वाक्य म्हणणार, पोरांनी बरोबर पाटी वर करायची. दहा वाक्यं. आणि मधे टोल, मधली सुट्टी, डबा.

डबा! संस्कृतीनं ताटावर उलथनं हाणलं, टण टण टण, गुरुजींनी खडू ठेवला, हात धुतले आणि भाकरी, वांग्याचं कालवण, सगळं चाटूनपुसून खाल्लं. कुशाआजी दारामागून बघत होती. पुढं यायची तिची हिंमत नव्हती.

आठवडाभर झकास चाललं. पण संस्कृती हुशार. सातव्या दिवशी दहापैकी दहा. गुरुजी उठून उभे राहिले, वहीच्या कागदावर सुरेख अक्षरात दाखला लिहिला, सही केली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. पुढं जा."

दुसऱ्या दिवशी पोरगी परत बसायला गेली, तर गुरुजींनी हजेरीची वही उघडली. त्यांचा स्वतःच्या डोक्यावर भरवसा नव्हता, पण लिहिलेल्यावर होता. "संस्कृती दीपक. दाखला दिला," वाचलं आणि वही मिटली. "पास झालेल्यांनी परत वर्गात बसायचं नसतं, बाळ. तुझी जागा अडते आणि दुसऱ्याची पण."

पोरगी रडली, विनवण्या केल्या. छे. वर्ग रिकामा. वर्ग रिकामा म्हणून टोल नाही, टोल नाही म्हणून डबा नाही. दोन दिवस पाण्यावर. तिसऱ्या दिवशी बारामतीला नेऊन सलाईन लावलं.

तिथंच, दवाखान्याच्या बाकावर दीपक म्हणाला, "आई, पुण्यात एक जागा हाय, अशाच माणसांची. नीट बघत्यात. असं किती दिस चालायचं?"

"तितल्या बायांच्या हातचं खात्याल व्हय ते?"

"नळी घालत्यात."

दुसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले. साडेदहाला खुर्चीत बसले, रिकाम्या सतरंजीकडं बघत. आणि ही भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. दोन पाट्या मांडीवर घेतल्या.

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. मी तुला सांगते, कुशाआजीला वाटलं, आता म्हणत्याल, बाई तुमी कोण.

"नवीन आहेस?"

"व्हय गुरुजी."

"नाव?"

"कुशा."

"पूर्ण नाव सांगावं."

आता झाली का पंचाईत! पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं. आणि कुशाआजीनं ते नाव आयुष्यात तीन वेळा घेतलेलं, तिन्ही वेळा उखाण्यात. रेशन कार्डावर विचारलं तरी ती शेजारणीकडं बघायची, शेजारीण सांगायची. आणि आता ज्याचं नाव तोच समोर लाल पेन उघडून बसलेला. मग माहेरचं आलं ते सांगितलं.

"कुशा झुंबर चांदगुडे. सुपं."

"सुपे," गुरुजींनी दुरुस्त केलं आणि लिहिलं. "लांबून येतेस. उशीर करायचा नाही."

तर अशी ती दहा वर्षांची झाली.

चौथीपर्यंतचं मराठी तिला येत होतं, इंग्रजीचं एक अक्षर नाही. मग संध्याकाळी संस्कृती शिकवायची. आजीनं आपल्या डोक्यानं अक्षरं बसवली. ओ म्हणजे भाकरी. यू म्हणजे तोंड उघडी घागर. एस म्हणजे साप, ते सोपंच. आणि ए म्हणजे ऊसतोडीवाल्यांची कोपी, ती पाचटाची झोपडी, वर टोक आणि मधे आडवा बांबू.

"मंजी भाकरीचा सन तो मुलगा," ती म्हणायची. "बरुबर हाय, मुलगा आला की भाकरीच मागतो. आन् घागरीचा तो सूर्य."

"आज्जी, घागरीचा सूर्य कसा काय?"

"तू इंग्रजी शिकीव, बाकीचं माझं मी बघते."

सुरुवातीला दहापैकी दोन, तीन. गुरुजी रागवायचे, पण मारायचे नाहीत, कधीच कुणाला मारलं नाही त्यांनी. फक्त खडू टेबलावर ठेवायचे, हळूच, तो आवाज आला की कळायचं. आणि साडेबाराला टण टण टण. टोलसुद्धा तीच वाजवायची, गुडघ्यावर हात ठेवून उठायची, आत जायची, डबा आणायची. "गुरुजी, तुमच्या घरनं डबा आलाय." आणि गुरुजी खायचे. वर्गातल्या मुलीनं डबा आणून दिला तर त्यात गैर काय? गोळ्या तिनं कालवणात चुरून घातलेल्या. वजन वाढलं त्यांचं. दीपक पुण्याचं नाव काढेना.

तिकडं बायका चेष्टा करायच्या, हे काही लपून राहतंय का? मळ्यात भेंडी तोडताना भागूबाई म्हणाली, "काय गं कुशे, म्हातारपणी एबीशीडी? वर गेल्यावर इंग्रजी बोलत्यात व्हय?"

"वरचं न्हाय ठावं," कुशाआजी म्हणाली. "आमच्या घरातल्या देवाला मराठी कळंना झालंय, मग काय करू?"

भागूबाईनं आपली तोडलेली भेंडी कुशाआजीच्याच भेंडीच्या पाटीत ओतली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ही एकोणपन्नास वर्षांपूर्वीची. लग्न होऊन चार महिने झालेले, ही सतराची, ते तेविसाचे, नवी नोकरी. पहाटे डबा बांधताना ही म्हणाली होती, "मला बी शिकवा की ती इंग्रजी." ते चपला घालत होते. म्हणाले, "उद्या." दुसऱ्या दिवशी हिनं परत विचारलं, ते परत म्हणाले, उद्या. मग त्याची घरात गंमतच होऊन बसली. ही कधी म्हणायची, "कवा शिकिवताय?" आणि ते एसटीकडं पळता पळता म्हणायचे, "उद्या!" मग दीपक झाला. मग गाय आली. मग हिनं विचारायचं सोडलं. त्यांच्या काही ते लक्षात आलं नाही.

आणि आता तो उद्या उगवला होता बघ. पण कसा!

कारण हळूहळू तिला यायला लागलं गं. तेच तर. पाच आले, सहा आले. कारखान्याच्या ट्रॉलीवर, औषधाच्या बाटलीवर, सोनलच्या साबणावर ती अक्षरं शोधायला लागली. एकदा पिठाच्या पिशवीवर फ्लावर वाचलं आणि एकटीच हसत सुटली. म्हणाली, "ह्यो फुलाचा न्हाय, पिठाचा. ह्यात घागर हाय." तिला रात्री झोपताना वाटायला लागलं, उद्या सात आणायचे. आयुष्यात पहिल्यांदा तिला उद्याची घाई झाली.

सात आले त्या दिवशी गुरुजी वही बाजूला ठेवून म्हणाले, "कुशा, तुझे वडील काय करतात?"

"शेती, गुरुजी. कोरडवाहू."

"त्यांना सांग, हिचं लग्न एवढ्यात करू नका. पोरगी हुशार आहे. शिकवा."

कुशाआजीनं पाट्या खाली ठेवल्या. तिचे वडील जाऊन एकतीस वर्षं झालेली.

"ऐकायचे न्हाईत ते," ती म्हणाली.

"मी येतो सुप्याला. मी बोलतो झुंबररावांशी. तुझं लग्न ठरवलंय का कुठं?"

"व्हय."

"मुलगा काय करतो?"

"मास्तर हाय."

गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "मास्तर असून त्याला कळू नये? एवढ्याशा पोरीला संसाराला जुंपायचं? तो तरी पुढं शिकवेल का तुला?"

कुशाआजी म्हणाली, "शिकिवत्याल. चांगली हायती ते. जरा उशीर व्हईल इतकंच."

हे संस्कृतीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती दाराच्या चौकटीत उभी होती, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी. तिनंच मला सांगितलं.

मग आठ आले. आणि एका सोमवारी नऊ.

नऊ आले त्या संध्याकाळी कुशाआजी वेगळीच दिसत होती म्हणे. संस्कृती म्हणाली, "आज्जी, उद्या दहा येतील तुला."

"व्हय."

"मग आबा दाखला देतील."

"व्हय."

गोठ्यात गाय खुरानं भुई खरवडत होती तेवढाच आवाज. मग आजी म्हणाली, "मी कवाच कशात पास झाले न्हाय गं. चौथीचा निकाल लागायच्या आदीच काढलं मला शाळंतनं. थोरल्या भावाचं लगीन होतं, कामाला मानूस पायजे म्हून." थांबली, मग म्हणाली, "एकदा त्यांच्या हातनं कागूद मिळाला असता. नाव लिवलेला."

आता नीट ऐक, इथंच ते आहे सगळं.

मंगळवार. साडेदहा. गुरुजी त्या दिवशी फार छान होते. चेहरा तरतरीत, दाढी गुळगुळीत. हजेरी घेतली, एकच नाव, पण मोठ्यानं. "कुशा झुंबर चांदगुडे."

"हजर, गुरुजी."

पहिलं वाक्य, बरोबर. दुसरं बरोबर. आठवड्याचा वीक आणि अशक्ताचा वीक, बरोबर. शेपटीचा टेल, गोष्टीचा टेल, बरोबर. प्रत्येक पाटी अशी वर जात होती की दाराशी उभी राहिलेली संस्कृती मोजता मोजता नखं खात होती. आठ. नऊ.

नऊनंतर गुरुजी थांबले. खुर्ची थोडी पुढं ओढली.

"कुशा, तू सुप्याची ना?"

"व्हय."

"आमची ही पण सुप्याचीच. तुझ्याच नावाची." जरा हसले. "तिलाही शिकायचं होतं. एकदा म्हणाली मला. मी म्हटलं, उद्या. सहा चाळीसची गाडी असायची, काय करणार? दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला रोज इंदापूरला गेलो आणि घरात एक विद्यार्थिनी बसलेली, तिला उद्या, उद्या. आता मी घरी जातो तर ती दिसत नाही. सगळ्या खोल्या बघतो. एक म्हातारी बाई असते तिथं, चांगली आहे बिचारी, पण ही नसते. रागावून माहेरी गेली असेल. तू गावाकडं जाशील तेव्हा बघशील का? सांग तिला, मास्तरांनी बोलावलंय. पाट्या काढल्यात म्हणावं."

आणि काय झालं कुशाआजीला कोण जाणे, तीन उखाण्यांच्या बाहेर जे नाव कधी आलं नव्हतं ते आलं.

"अवो, मीच की ती," ती म्हणाली. "नीट बघा माज्याकडं. मी कुशा. सर्जेरावांची... सर्जेराव खोमण्यांची कुशा."

गुरुजींचा चेहरा पडला. रागानं नाही, दुखावल्यासारखा.

"कुशा," ते म्हणाले, "गुरुजींचं नाव असं तोंडानं घेतात का? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

आणि खडू टेबलावर ठेवला. हळूच.

"चुकलं, गुरुजी," ती म्हणाली.

मग त्यांनीच खडू परत उचलला, पोराला माफ करतात तसा. "असू दे. शेवटचा प्रश्न. हा बरोबर आला की दहा. मग तुझा दाखला. आणि तू माझी शेवटची, कुशा. तू पास झालीस की मी पण शाळेला कुलूप लावणार. थकलो आता. गाडी पकडून घरी जाईन, तिला शोधेन." चपला खुर्चीखालीच होत्या. त्यांनी पायानं पुढं ओढून घातल्या, तयार. बाहेर फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, हंगाम होता ना.

पाटीवर जोडी लिहिली. हिअर आणि हिअर. डाव्या पाटीवर इथंचा, उजव्या पाटीवर ऐकण्याचा. उजवीत ती कोपी, ए. आजीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं तिनं.

गुरुजींनी वाक्याचा विचार केला. नेहमी पुस्तकातली ठरलेली वाक्यं असायची त्यांची. आज पुस्तकातलं नव्हतं. उसाकडं बघत म्हणाले,

"माय वाइफ इज नॉट हिअर."

आणि अगं, कुशाआजीला ते वाक्य कळलं. आजवर ती नुसत्या शब्दावर लक्ष ठेवायची, सन आला, वीक आला, बाकीचं वाहून जायचं. हे अख्खं कळलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी मराठीत न सांगता. आयुष्यात पहिल्यांदा तिला समजलेलं इंग्रजी वाक्य ते. माझी बायको इथं नाही.

"पाटी वर," गुरुजी म्हणाले. आणि खिशातून दाखल्याचा कागद काढून मांडीवर उलगडला. आधीच लिहून आणलेला होता! फक्त सही बाकी. दाराशी संस्कृतीला दिसत होतं, वर ठळक अक्षरात, कुमारी कुशा झुंबर चांदगुडे. पेनाचं टोपण काढून ते असे बघत होते तिच्याकडं, असे, की जणू तिची पाटी त्यांनाच उचलायची आहे. त्यांना ती पास व्हायला हवी होती गं. मनापासून.

कुशाआजीनं डावी पाटी थोडी उचलली. संस्कृती सांगते, चार बोटं वर आली होती ती पाटी. इथंची. मग ती थांबली. गुरुजींच्या पायातल्या चपलांकडं बघितलं. कागदाकडं बघितलं. आपल्या नावाकडं फार वेळ बघितलं, वाचलं असेल, ते मराठीतच होतं.

डावी पाटी खाली ठेवली. आणि उजवी वर केली.

गुरुजींनी ती कोपी बघितली. पेनाचं टोपण परत लावलं. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. हजेरीच्या वहीत लाल शाईनं नऊ लिहिलं. रागवले नाहीत. उलट आवाज एवढा मऊ होता की तो संस्कृतीनं घरात कधी ऐकला नव्हता.

"असू दे, कुशा. उद्या."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. आत गेली. टण टण टण. डबा आणला. "गुरुजी, तुमच्या घरनं डबा आलाय." त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हात धुतले, दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक मागून घेतलं. आणि खुर्चीतच डोळा लागला त्यांचा.

संस्कृती मागं जाऊन उभी राहिली तेव्हा आजी मोरीत पाट्या पुसत होती. ओल्या फडक्यानं, एक झाली की दुसरी.

"आज्जी," ती म्हणाली, "तुला येत होतं ना?"

"येतंय की."

"मग?"

कुशाआजीनं दोन्ही पाट्या भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या, शेजारी शेजारी, कोऱ्या.

"पास झाल्यावर मी जायाचं कुठं गं?" म्हणाली.

ही गोष्ट हंगामातली. आता उसाला नवे फुटवे आलेत. वहीत रोज लाल शाईनं नऊ. कधी आठ, संशय यायला नको म्हणून. तो कागद अजून गुरुजींच्या शर्टाच्या खिशात असतो. शर्ट धुवायला टाकताना आजी काढते, उलगडते, वाचते आणि इस्त्री केलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवते, सही न झालेला.

संस्कृती अजून रुसलेली आहे तिच्यावर. म्हणते, आबांना एवढं एकच हवं होतं, आज्जीनं ते पण दिलं नाही. दीपक म्हणतो, आईनं बरोबर केलं. मला विचारशील तर मला काहीच ठरवता येत नाही, मी ती चार बोटं उचललेली पाटी बघत बसते डोळ्यांपुढं.

तू सांग ना. तुझ्या हातात त्या दोन पाट्या असत्या, आणि समोर ते असे पेन उघडून बसले असते, तर तू कुठली वर केली असतीस?